केळीच्या पॅकहाऊसवर कंटेनरचं ऑफिस: आधी टेबल ठरवा, मग पत्रा कापा

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे. सावद्याजवळ भाडेकराराच्या जागेवर केळीचं पॅकहाऊस उभं राहतंय, तिथे पक्कं बांधकाम करायचं नाही. न्हावा शेवा बंदरातून जुना ४० फुटी कंटेनर आणून त्यात पाच-सहा माणसांचं ऑफिस करायचंय. शेतकऱ्यांसाठी काउंटर हवा, बाहेरचे व्यापारी आले तर त्यांना बसवायला जागा हवी. वडील म्हणतात, मे महिन्यात त्याची भट्टी होईल. फर्निचर तयार घ्यावं की गावातल्या सुताराकडून करून घ्यावं, हेही तुम्ही विचारलंय. मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात ऑफिसच्या फर्निचरची कामं करतो आणि त्यातली बरीच आता कंटेनरच्या आतली असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वडिलांचं म्हणणं खरं आहे, पण उन्हावर इलाज आहे. ज्यावर नंतर इलाज नसतो ती गोष्ट म्हणजे रुंदी. कंटेनर बाहेरून ८ फूट रुंद दिसतो. आतून तो २.३५ मीटर, म्हणजे ७ फूट साडेआठ इंच असतो. आपल्या उन्हात इन्सुलेशनशिवाय भागत नाही. फ्रेम, इन्सुलेशन आणि आतला बोर्ड मिळून प्रत्येक भिंत साधारण ३ इंच आत येते. हातात राहते २.२ मीटर, जेमतेम सव्वासात फूट. एवढ्या रुंदीत एक माणूस टेबलाशी बसलाय आणि दुसरा त्याच्या मागून जातोय, हे जमवायचंय. फर्निचर आणि कंटेनर ही दोन वेगळी कामं समजून दोन वेगळ्या माणसांना दिलीत, तर पैसे दोनदा जातात.

भुसावळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे मला बोलावलं तेव्हा फॅब्रिकेटरने खिडक्या कापून, काचा बसवून दिलेल्या होत्या. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून दोन फुटांवर. टेबल अडीच फुटांचं. म्हणजे टेबलाची मागची कड काचेच्या मधोमध आली. स्विचबोर्ड लावायला भिंत उरली नाही, म्हणून वायरी पायांतून फिरवाव्या लागल्या. खिडकी वर सरकवायची तर पत्र्याला ठिगळ लावायचं, आतला बोर्ड काढायचा, फोम खरवडायचा. शेवटी टेबलं भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढली आणि चालायची वाट गेली. हाच खर्च आधी कागदावर एक संध्याकाळ बसून वाचला असता.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. साध्या चौकटीच्या वहीवरही होतं. तुमच्या कामासाठी माझं गणित सांगतो. ४० फुटी कंटेनरची आतली लांबी १२.०३ मीटर. दोन्ही टोकांची फ्रेम-बोर्ड वजा जाता साधारण ११.८५ मीटर उरतात. दाराच्या टोकाला शेतकऱ्यांचा काउंटर आणि उभं राहायची जागा, २.४ मीटर. मग एका रांगेत चार टेबलं, प्रत्येकी १.२ मीटर, म्हणजे ४.८. त्यानंतर तुमची बैठक, ३ मीटर. शेवटी दीड मीटरची कोठी, त्यात इन्व्हर्टर, जुन्या फायली, चहाचं सामान. मध्ये दोन पार्टिशन, प्रत्येकी ३ इंचांची. बेरीज बरोबर जमते आणि एक इंचही उरत नाही. म्हणूनच तयार फर्निचर इथे घेऊ नका म्हणतो. दुकानातलं टेबल सहसा अडीच फूट खोल येतं. ते इथे बसलं की सगळा हिशेब कोलमडतो.

टेबलाची खोली ६०० मिलिमीटर ठेवा, दोन फूट. खुर्ची आणि बसलेला माणूस यांना ९०० द्या. मागून जायला ७००. झाले २२००. दोन्ही भिंतींना टेबलं लावून दुप्पट माणसं बसवू, असं बरेच जण म्हणतात. करून बघा: दोन टेबलांचे १२०० गेले, मध्ये राहिला एक मीटर, त्यात दोन खुर्च्या पाठीला पाठ. एकाने खुर्ची मागे घेतली की दुसऱ्याने टेबलात घुसायचं. महिनाभरात माणसं वैतागतात. टेबलं एकाच भिंतीला लावा, आणि ती भिंत उत्तरेची असू द्या.

बैठकीच्या तीन मीटरमध्येही मधोमध टेबल आणि चारही बाजूंना खुर्च्या हा विचार सोडा. अडीच फुटी टेबल मध्ये ठेवलं तर दोन्हीकडे सव्वादोन-अडीच फूट उरतात. खुर्चीत माणूस बसतो, पण त्याच्या मागून कुणी सरकत नाही. मी एका भिंतीला पक्कं बाकडं करतो, दीड फूट खोल, बसायची उंची १७-१८ इंच, फळी उचलली की खाली कप्पा. दोन इंच सोडून समोर ७०० मिलिमीटरचं टेबल. पलीकडे सुमारे एक मीटर राहतो, त्यात खुर्च्याही येतात आणि वाटही. बाकड्याखालच्या कप्प्यात वर्षभराची बिलबुकं, वजनकाट्याच्या पावत्या, पट्ट्यांचे (शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या कागदांचे) गठ्ठे मावतात, वेगळं कपाट लागत नाही. बाकड्यावर चौघं दाटीने बसतात, आणि आपल्याकडे भाव ठरवायला माणसं एकटी कुठे येतात!

आता कंटेनर कोणता घ्यायचा ते. ४० फुटी साधा घेऊ नका, हाय क्यूब घ्या. साध्याची आतली उंची २.३९ मीटर, हाय क्यूबची २.६९. वरून इन्सुलेशन आणि सीलिंग, खालून फ्लोअरिंग यांत साधारण चार इंच जातात. साध्या कंटेनरमध्ये उंच माणसाने हात वर केला की छताला लागतो, आणि वर्षभरात सगळ्यांना कोंडल्यासारखं होतं. हाय क्यूबमध्येही छताचा पंखा लावू नका, भिंतीचे लावा.

माल बघायला स्वतः जा, फोटोवर घेऊ नका. आत उभे राहा, बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं घट्ट लावायला सांगा (तो दारापाशीच थांबेल असं बघा, कारण ही दारं आतून उघडत नाहीत) आणि दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. जिथे सुईएवढाही उजेड दिसेल तिथून पावसात पाणी येणार. छताच्या कोपऱ्यांत आणि दाराच्या रबरात हे ठिपके जास्त सापडतात. मग बाहेर येऊन खाली वाका आणि तळाच्या आडव्या पट्ट्या बघा. लाकडी फ्लोअर याच पट्ट्यांवर बसलेला असतो आणि गंज आधी तिथेच धरतो. वरवरचा तांबडा गंज चालतो. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पापुद्रे निघत असतील तर तो कंटेनर सोडा. चार कोपऱ्यांचे खांब सरळ हवेत. भिंतीला पोचे असले तरी चालतील, खांबाला नको, कारण सगळं वजन खांबच वाहतात.

दारावर एक धातूची पाटी असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार ती लावलेली असते. तिच्यावर बनवल्याची तारीख आणि वजनं असतात, आणि फ्लोअरच्या लाकडाला कोणतं कीटकनाशक दिलंय तेही लिहिलेलं असतं. ही ओळ नीट वाचा. कंटेनरचा फ्लोअर २८ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय असतो, बोटीच्या प्रवासात कीड लागू नये म्हणून औषध पाजलेला. हल्ली तो काढून, घासून, पॉलिश करून टेबलाचे टॉप करायची टूम निघाली आहे. दिसायला झकास दिसतो, पण त्यावर हात टेकून दिवस काढायचा, त्यावर डबा उघडायचा, आणि सुताराने तो भुसा नाकात घ्यायचा, हे मला मान्य नाही. माझ्या कारखान्यात तो प्लाय मी रंध्यावर चढू देत नाही. तो जागच्या जागी राहू द्या, घासू नका, इपॉक्सीचे दोन हात देऊन बंद करा, वर सिमेंट बोर्ड आणि त्यावर व्हिनाइल किंवा टाइल. आत कधी रसायन सांडल्याचा वास येत असेल तर तो कंटेनर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

कागदांचंही बघा. परदेशी कंटेनर देशात येतो तो ठरलेल्या मुदतीत परत जायच्या अटीवर, ड्युटी न भरता. तो इथेच विकायचा असेल तर कस्टमची ड्युटी भरून तसा बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, व्हावा लागतो. विकणाऱ्याकडून जीएसटीचं बिल आणि ड्युटी भरल्याचा कागद घ्या. कंटेनरवरचा नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे, दोन्ही कागदांवर जुळला पाहिजे. जागेबद्दल ग्रामपंचायतीला आणि तलाठ्यांना आधीच विचारून घ्या. जमीन बिगरशेती नसेल तर नुसता कंटेनर ठेवलाय म्हटल्याने सुटका होईल असं धरून चालू नका.

आणखी एक पर्याय तुमच्या प्रश्नात नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर तो आधी तपासला असता: बंद पडलेला रेफर, म्हणजे थंड मालाचा कंटेनर. केळी निर्यात करणाऱ्यांना तो नवा नाही. त्याच्या भिंतींत फोम कारखान्यातच भरलेला असतो, आतून स्टीलचा गुळगुळीत पत्रा असतो. आतली रुंदी साधारण २.२९ मीटर, म्हणजे साध्यापेक्षा कमी. पण वेगळं इन्सुलेशन लागत नसल्याने शेवटी तोच साडेतीन इंच जास्त रुंद पडतो. दोन अडचणी आहेत. खालचा ॲल्युमिनियमचा नालीदार फ्लोअर भरून सपाट करावा लागतो. आणि खिडकी कापताना फोम उघडा पडतो, तिथे ठिणगी गेली की आग. रेफर कापायला त्यातला अनुभवी माणूसच हवा, वेल्डिंगऐवजी रिव्हेट आणि सीलंटने फ्रेम बसवणारा. असा माणूस मिळत असेल तर रेफर घ्या. नसेल तर साधा हाय क्यूब बरा.

'कंटेनर ऑफिस' म्हणून जे तयार विकलं जातं ते बहुतेक वेळा कंटेनर नसतं, पातळ पत्र्याचं केबिन असतं. ते वाईटच असं नाही. माणसं बसवायची एवढीच गरज असेल तर दहा फूट रुंदीचं केबिन जागेवर बांधून घेतलं तर फर्निचरवाला म्हणून मला जास्त आवडेल. पण तुमची जागा भाड्याची आहे, उद्या उचलून न्यायचं आहे, रात्री आत रोकड आणि कॉम्प्युटर राहणार आहेत. यासाठी खरा कंटेनर चांगला. स्वस्त पडेल म्हणून मात्र घेऊ नका. डबा स्वस्त मिळतो, पण त्याचं ऑफिस करायला डब्याहून जास्त लागतं. विटांची खोली आणि वर पत्रे हा हिशेब कित्येकदा त्याच्या आसपासच येतो.

उन्हाचं आता नीट बोलू. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, दुपारचं ऊन तो थर पिऊन टाकायचा. कंटेनरचं छत दोन मिलिमीटरचं पोलाद आहे. बाहेर ४५ अंश असताना उघड्या कंटेनरचं छत हात लावू देत नाही. एसी त्याच्याशी दिवसभर भांडतो आणि वीजबिल तुम्ही भरता. म्हणून सगळ्यात आधी सावली. कंटेनरवर दुसरं छप्पर उभारा, दोन्हींमध्ये दीड-दोन फूट मोकळी हवा राहील असं, आणि दक्षिण-पश्चिमेला तीन-चार फूट पुढे काढलेलं. या छपराचे खांब कंटेनरला वेल्ड करू नका, त्यांना स्वतःचा पाया द्या. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा कशा आडव्या होतात ते तुम्ही दरवर्षी बघता. तोच वारा या छपराखाली शिरून त्याला वर उचलतो. छप्पर पत्र्याचं नको असेल तर मांडवावर पऱ्हाटी टाकूनही गारवा छान मिळतो, पण पॅकहाऊसजवळ विजेची कामं आणि वेल्डिंग चालतात, म्हणून आगीच्या भीतीने मी ते सुचवत नाही.

कंटेनर ठेवताना लांब बाजू उत्तर-दक्षिण बघतील असा ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड टोकांवर येईल. पश्चिमेच्या टोकाला कोठी करा. खिडक्या उत्तरेला, हवा आरपार जावी म्हणून दक्षिणेला एक-दोन लहान. बाहेरून पांढरा किंवा फिका रंग. ब्रँडचा गडद निळा किंवा काळा हवा असेल तर पाटीवर लावा.

इन्सुलेशनमध्ये माझी पहिली पसंती पत्र्याला आतून फवारलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमला, दोन इंच. कंटेनरचा पत्रा नालीदार असतो, फोम त्या नाल्यांत चिकटून बसतो आणि मागे पोकळी राहत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. पत्रा गार पडतो, पोकळीतल्या हवेतलं बाष्प त्यावर धरतं, पाणी आत झिरपतं आणि दोन हिवाळ्यांत प्लायला बुरशी येते. थर्माकोलच्या शीट कापून बसवल्या की नेमकं हेच होतं. रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आगीच्या बाबतीत सर्वांत चांगलं, पण मागे-पुढे बाष्प अडवणारा थर नीट लावावा लागतो. फोम घ्या की रॉकवूल, त्यावर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड चढलाच पाहिजे. फोम उघडा ठेवू नका, जळला तर त्याचा धूर जीव घेतो. वायरिंग पाइपातूनच न्या.

एक बारीक गोष्ट बहुतेक कामांत सुटते. इन्सुलेशन चांगलं केलं, पण आतला बोर्ड ज्या लोखंडी फ्रेमवर ठोकला ती थेट बाहेरच्या पत्र्याला वेल्ड केलेली असते. मग पत्र्याची उष्णता त्या लोखंडातून सरळ आत येते. अशा ऑफिसात मेमध्ये दुपारी भिंतीवरून हात फिरवा: बोर्ड गार लागतो आणि दर दोन फुटांवर एक गरम उभी पट्टी लागते. स्क्रूच्या डोक्याला बोट लावलं तर चटका बसतो. उपाय सोपा आहे. लोखंडी फ्रेम आणि बोर्ड यांच्यामध्ये अर्ध्या-पाऊण इंचाची लाकडी किंवा प्लायची पट्टी घाला.

ही फ्रेम उभारतानाच फर्निचर परत येतं. कंटेनरच्या भिंतीचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा. त्यावर शेल्फ टांगता येत नाही आणि त्याला भोक पाडून बोल्ट बाहेर काढला तर पावसाचं पाणी आत येतं. टेबलं मी पाय नसलेली, भिंतीतून निघालेल्या ब्रॅकेटवर करतो. पॅकहाऊसचा चिखल, केळीची पानं, पाणी सगळं पायांसोबत आत येतं. पाय नसले की एका झाडूत फरशी साफ. पण त्यासाठी जिथे ब्रॅकेट येणार तिथे फोम मारायच्या आधी ४० बाय ४० चा चौकोनी पाइप तळापासून वरच्या कडेपर्यंत उभा हवा. चार टेबलांना पाच पाइप. वरच्या शेल्फचं वजनही हेच पाइप घेतात. फोम मारण्याआधी भिंतीला टेप लावून प्रत्येक तीन फुटांचा फोटो काढून ठेवा. बोर्ड चढल्यावर पाइप कुठे आणि वायर कुठे हे त्या फोटोंवरूनच कळतं. खालच्या फ्लोअरची मात्र चिंता नको. आत फोर्कलिफ्ट फिरेल या हिशेबाने तो बांधलेला असतो, तिजोरी ठेवा की फायलींचं कपाट ठेवा.

उंच्या अशा धरा: टेबल ७५० मिलिमीटर, त्यावर स्विच आणि सॉकेटची पट्टी ८५० वर, खिडकीचा खालचा काठ १०५० वर. खिडकी कापताना आधी कडेची चौकट वेल्ड करायची, मग पत्रा कापायचा. कंटेनरची नालीदार भिंत नुसता आडोसा नाही, ती वजन धरते. चौकटीशिवाय मोठं भगदाड पाडलं तर वरची कड खाली झुकते आणि मग स्लायडिंग खिडकी अडकते. सलग आठ-दहा फूट काच हवी असेल तर तिथे खालीही आधार द्यावा लागेल. छत तर अजिबात कापू नका. आणि कापलेल्या कडेला त्याच दिवशी झिंकचा प्रायमर, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

पाया हा विषय तापीकाठच्या काळ्या जमिनीत हलक्यात घेऊ नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर कंटेनर टेकवला तर एक कोपरा वर्षभरात खाली जातो, आणि पहिली तक्रार दाराची येते, मग ड्रॉवर आपोआप उघडतात. मुरूम लागेपर्यंत खणा, तिथून पेडेस्टल (काँक्रीटचे ठेंगणे खांब) वर आणा, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. चार कोपऱ्यांखाली चार, आणि मोठ्या खिडक्या असतील तर मधे दोन. पाणी भरलेल्या नळीने लेव्हल बघा. खाली हवा खेळते, पुराचं पाणी निघून जातं आणि उधई चढताना दिसते. ४० फुटी रिकाम्या हाय क्यूबचं वजन चार टनांच्या जवळ असतं, तो हायड्रा क्रेनने सहज उचलला जातो, पण पट्टे कोपऱ्यांच्या कास्टिंगलाच (भोकं असलेल्या ओतीव ठोकळ्यांनाच) लावायचे, पोटाखालून नाही. ट्रेलर शेतरस्त्याने आणण्याआधी तो रस्ता स्वतः चालून बघा: वळणं, आणि वरून गेलेल्या लोंबत्या तारा. ट्रेलरवर चढवलेला हाय क्यूब चार मीटरच्या वर जातो.

दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली अर्थिंग. तुमची माणसं लोखंडी पेटीत बसणार आहेत, एक वायर सोलली गेली तर अख्खी भिंत झटका देते. कंटेनरच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या, जोडणीच्या जागी रंग खरवडून उघडं लोखंड दिसू द्या, नाहीतर ती जोडणी नावालाच. पॅनेलमध्ये ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. दुसरी म्हणजे बाहेर पडायची वाट. कंटेनरची मूळ दारं बाहेरून बंद होतात, आतून उघडत नाहीत. ती रात्रीच्या कुलपासाठी ठेवा, दिवसा पूर्ण उघडून बाहेर अडकवून टाका आणि त्यांच्या आत काचेचं दार करा. शिवाय १२ मीटरच्या दुसऱ्या टोकाला, कोठीजवळ, आतून ढकलून उघडणारं दुसरं दार हवंच. जागा जाते म्हणून लोक हे टाळतात. मी दुसऱ्या दाराशिवाय ४० फुटीचं काम घेत नाही.

एसी घेताना दोन टनाचा एकच घेऊ नका. लांब बोळात एका टोकाला हुडहुडी आणि दुसऱ्या टोकाला घाम असं होतं. एक-एक टनाचे दोन घ्या, त्यातला एक बैठकीत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरही उत्तम काम करतो, पण समोरची खिडकी उघडी ठेवली तर. पहिला पाऊस पडला की तो बंद. ओल्या हवेत त्याने फक्त कागद आणि ड्रॉवर फुगतात.

आता फर्निचरचं लाकूड. टेबलटॉप आणि काउंटरला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून, १८ किंवा १९ मिलिमीटर. आतल्या कप्प्यांना त्याच्या खालचा, बीडब्ल्यूआर चालेल. पार्टिकल बोर्ड नको. काउंटरवर ओले हात येणार आणि पावसाळ्यात दार दिवसभर उघडं राहणार, तो एका वर्षात कडेने फुलतो. तुमच्या धंद्यात आणखी एक शत्रू आहे, केळीचा चीक. कपड्याला लागला की जात नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. लॅमिनेटवरून तो ओला असताना पुसला जातो, पण कडेच्या उघड्या लाकडात शिरला की काळा डाग कायमचा. म्हणून काउंटरच्या कडेला कागदी एजबँड लावू नका. सागाच्या पट्टीचं लिपिंग करा, कोपरे गोल करा आणि त्यावर पीयू पॉलिशचे तीन हात द्या. शेतकऱ्यांच्या बाजूला काउंटरची उंची साडेतीन फूट ठेवा, म्हणजे उभ्याने पट्टी वाचून सही करता येते, आणि एका टोकाला दोन फुटांचा तुकडा अडीच फुटांवर उतरवा. म्हातारे बाबा येतात, त्यांना खुर्चीत बसून सही करता आली पाहिजे.

साग कुठून घ्यायचा? सातपुड्यातला साग म्हणून कुणी बिनाबिलाचा, बिनापासाचा माल दाखवला तर हात लावू नका, गुन्हा आहे. वनविभागाच्या लिलावातला किंवा परवानाधारक सॉ मिलचा घ्या. त्याहून चांगला जुना साग. खानदेशात जुने वाडे पडताहेत, त्यांच्या तुळया आणि चौकटी विकायला येतात. दोन पिढ्यांचं ऊन-पाऊस खाल्लेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. नव्या लाकडाला आपली हवा सोसत नाही. मेमध्ये ते आकसतं, ऑगस्टमध्ये फुगतं. ड्रॉवरच्या समोरच्या फळीला बाजूने एक सूत (इंचाचा आठवा भाग) जागा सोडायला सुताराला सांगा. मेमध्ये ती फट डोळ्याला खुपेल, पण पावसाळ्यात ड्रॉवर उघडेल.

तुमच्या सुताराच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. भिंतीशी जोडलेलं जे काही आहे, टेबलं, बाकडं, काउंटर, शेल्फ, ते गावातल्या चांगल्या सुताराकडून जागेवर करून घ्या. तो माप घेऊन कापतो आणि सहा महिन्यांनी बिजागरी ढिली झाली तर सायकलवर येऊन कसून जातो. टेबलाखालची ड्रॉवरची चाकाची पेटी आणि खुर्च्या मात्र तयार घ्या. सुताराची खुर्ची दोन तासांची, तुमचा मुनीम आठ तास बसतो. पाठीला आधार देणाऱ्या, खालीवर होणाऱ्या, जाळीच्या पाठीच्या खुर्च्या घ्या, रेक्झिनच्या नको, त्या आपल्या उन्हात चिकटतात आणि फाटतात. खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का, हे दुकानातच टेपने मोजा. नाही गेले तर ७०० मिलिमीटरच्या वाटेतले चार इंच गेले.

काम दिवाळीनंतर धरा, महाशिवरात्रीच्या आत आटपा. पावसात कापलेला पत्रा रातोरात गंजतो आणि भर उन्हात रंग व इपॉक्सी नीट बसत नाहीत. सुतार आणि वेल्डर दोघांना एकाच दिवशी जागेवर बोलवा, खडूने भिंतीवर टेबलं आणि खिडक्या आखून घ्या, खुर्ची ठेवून बसून बघा, मगच ग्राइंडर चालू करू द्या. खिडक्यांचे जे तुकडे कापून निघतील ते भंगारात घालू नका. त्याच पत्र्याला वरून बिजागऱ्या लावून खिडकीवर झडप करता येते. दिवसा दोन सळ्यांवर टेकवली की सावली आणि पावसाला छज्जा, रात्री खाली पाडून आतून कडी लावली की खिडकीला वेगळं ग्रिल लागत नाही.